अवकाश आहे

एका जंगलात, विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर, टोपाजी नावाचा सुगरण पक्षी राहत होता. मुलांनो, सुगरणींत नाव बाईचं असलं तरी घर बुवाच बांधतो. त्याने अर्धा खोपा विणायचा, मादीने येऊन बघायचा, पसंत पडला की लग्न. आधी घर, मग वरात.

टोपाजीचा खोपा छान चालला होता. साळू नावाची सुगरण त्याला मनापासून आवडायची. तिलाही तो बरा वाटायचा. पण मध्येच त्याने घुबडशास्त्र्यांचं वास्तुकलेवरचं व्याख्यान ऐकलं आणि घोटाळा झाला.

"घर म्हणजे भिंती नव्हेत," शास्त्री म्हणाले, "घर म्हणजे अवकाश!"

शास्त्री स्वतः राघूने सोडलेल्या ढोलीत राहत. मीही भाड्याच्या खोलीत राहतो, त्यामुळे मला त्यांचं लगेच पटतं.

टोपाजीने त्याच दिवशी खोपा उसवला. फांदीला दोन काड्या तेवढ्या लोंबत ठेवल्या. त्यांच्यामध्ये जे उरलं, ते घर. त्यावर तो रोज व्याख्यान देऊ लागला, तसे खाली ससे जमू लागले. कुणालाच काही दिसेना, म्हणून सगळे माना डोलवू लागले.

साळू आली. "घर झालं का हो?"

"अवकाश आहे!" टोपाजी अभिमानाने म्हणाला.

"बरं, होऊ द्या सावकाश," म्हणून बिचारी परत गेली. टोपाजीला वाटलं, पसंत पडलं.

अंडी घालायचे दिवस तोंडावर आले. साळू पुन्हा आली.

"अहो, अजून किती अवकाश?"

"किती म्हणजे? त्याला अंतच नाही!"

साळूचे डोळे भरून आले. "मग माझ्याच्याने नाही हो थांबवत," ती म्हणाली, आणि शेजारच्या फांदीवर भिकाजीच्या खोप्यात गेली. भिकाजीचा खोपा जरा वाकडा होता, पण अंडं त्यातून पडत नव्हतं.

टोपाजीला फार वाईट वाटलं. दिवसभर त्याने दाण्याला तोंड लावलं नाही. आपलं कुठे चुकलं हे त्याला कळत होतं. शेवटी त्याने गवताचं एक लांबसं पातं आणलं आणि चोचीत धरून तो फांदीकडे वळला.

तेवढ्यात खालून ससा ओरडला, "गुरुजी, आज व्याख्यान नाही का?"

"आहे तर!" टोपाजी म्हणाला. बोलायला चोच उघडली, तसं पातं विहिरीत पडलं. "आजचा विषय : घर आणि एकटेपणा."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

तात्पर्य : अंडं घालायला घर लागतं, व्याख्यान द्यायला लागत नाही. म्हणून शहाण्याने अंडी घालायच्या भानगडीत पडू नये.