कोहळ्याची मागणी आणि पुरवठा

"ज्या दिवशी मी निर्णय घेईन ना बाबा, त्या दिवशी साऱ्या इतवारीले समजन का धंदा कशाले म्हनतात," कवडूनं जेवता जेवता जाहीर केलं.

बाबाराव म्हणजे कवडूचे वडील. इतवारीच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांनी हातातला घास तसाच धरून ठेवला आणि पोराकडे नीट बघितलं.

"इतवारीले मंग सांग. आधी मले सांग. साल सरत आलं. तुया त्या मिशनच्या कॉलेजात काय शिकवून राहिले?"

"मॅनेजरिअल इकॉनॉमिक्स."

"म्हनजे?"

"म्हनजे धंद्यात निर्णय कसा घ्याचा ते."

"ते तर मी तीस वर्सापासून घेऊन राहिलो."

"तुमी अंदाजानं घेता बाबा. आमी आलेख काढून घेतो."

कवडूची आई भागीरथा वाढायला वाकली होती, ती तशीच थांबली. या घरात बाबारावांच्या अंदाजाला नाव ठेवणं म्हणजे चालत्या बैलाला आर मारण्यासारखं होतं. पण बाबाराव चिडले नाहीत. ते शांतपणे उठले, हात धुतले आणि कोनाड्यातल्या डब्यातून नोटांची एक घडी काढून कवडूच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे घे भांडवल. एक सौदा करून दाखव. नफा आनला तर शीक, पुढच्या सालची फी मी देतो. नाई आनला तर कॉलेज बंद, उद्यापासून गल्ल्यामागं बस."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. कवडूला कॉलेज मनापासून आवडत होतं. तिथलं वाचनालय थंडगार होतं, कँटीनमधला समोसा गरम होता, आणि इकॉनॉमिक्स शिकवणारे साळवेसर त्याला 'मिस्टर कवडू' म्हणत. दुकानात त्याला कुणी मिस्टर म्हणत नसे. तिथं तो कळता झाल्यापासून पळ्या मोजत आला होता, आणि ते काम आयुष्यभर करायची त्याची तयारी नव्हती. त्यामुळं त्यानं नोटा उचलल्या खऱ्या, पण त्याला रात्रभर नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. साळवेसरांनी वर्गात सांगून ठेवलं होतं, "रविवारी आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीचा सण आहे. नव्या हंगामाचं जे आलं ते लोक देवापुढं आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मागणी म्हणजे काय ते जिवंत बघायचं असेल तर या." सर स्वतः त्या चर्चचे जुने सभासद. वर्गातल्या पोरांनी मान हलवली आणि रविवारी मॅटिनीला गेली. आला तो एकटा कवडू.

कॉलेजच्या आवारातच चर्च होतं. बाहेर कडुनिंबाखाली टेबलं मांडली होती. नरखेडकडच्या मोसंब्या, धानाच्या लोंब्या, वांगी, लोणच्याच्या बरण्या, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. साळवेसर कोट घालून स्टुलावर उभे होते. त्यांनी एक लाल कोहळं, म्हणजे तांबडा भोपळा, दोन्ही हातांनी वर धरलं आणि म्हणाले, "बोला."

"पाच रुपये," कुणी तरी म्हणालं.

"अकरा."

"एकवीस."

"एकावन्न," एक बाई ठामपणे म्हणाल्या, आणि कवडूनं चमकून मागं बघितलं.

त्या इंदुताई होत्या, मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन. या बाईंना कवडू लहानपणापासून ओळखत होता. वसतिगृहाची भांडी त्या बाबारावांकडूनच घेत, आणि एका पळीचे आठ आणे कमी करायला दुकानापुढं एवढा वेळ उभ्या राहत की बाबाराव शेवटी कंटाळून पळी त्यांच्या हातात कोंबत. ती बाई रुपया-दीड रुपयाच्या कोहळ्याला एकावन्न देत होती, आणि तेही हसत हसत!

कवडूच्या डोक्यात आलेख उभा राहिला. भाव कितीही वाढो, मागणी हलत नाही. पुस्तकात हे मिठाबद्दल लिहिलं होतं, पण पुस्तक लिहिणारा या आवारात कधी आला नसणार. टेबलावर कोहळं होतं एकच. म्हणजे पुरवठा तोकडा. भाजीपाल्याचं कॉटन मार्केट जवळच. मग धंदेवाईक माणसानं काय करावं?

तो आणखी दोन मिनिटं थांबला असता तर पुढचं काही झालं नसतं. इंदुताईंनी तेच कोहळं पुन्हा टेबलावर ठेवलेलं त्याला दिसलं असतं, आणि पैसे कुठं जाणार तेही ऐकू आलं असतं. पण योग्य निर्णय वेळेवर घ्यावा लागतो, असं साळवेसरांनीच शिकवलं होतं. कवडू सायकलवर टांग टाकून पसार झाला.

कॉटन मार्केटात त्यानं भांडवलातल्या शेवटच्या नोटेपर्यंत कोहळी घेतली. ओमप्रकाश नावाच्या ठेलेवाल्याला गाठून ती लादली. ओमप्रकाशनं विचारलं, "भैया, शादी है क्या घर में?"

"शादी नहीं, बिझनेस," कवडू म्हणाला.

ठेला पुढं धाडून त्यानं सायकल आधी इतवारीकडं वळवली. दुकानापुढं ब्रेक मारून तो बापाला म्हणाला, "बाबा, एका घंट्यात कॉलेजच्या आवारात या. सौदा पाहाले." बाबाराव काही विचारायच्या आत तो गल्लीतून दिसेनासा झाला.

ठेला चर्चच्या फाटकातून आत शिरला तेव्हा बायकांनी तोंडावर हात ठेवले. सरांच्या पत्नी साळवेबाई पुढं धावल्या.

"अगं बाई, हे सगळं कुणी आणलं?"

"मी. सरांचा विद्यार्थी. विकाले आनले."

"विकायलाच तर. सगळं विकूच की आपण," असं म्हणत त्यांनी पदर खोचला आणि आणखी चार जणींना हाक मारली. बघता बघता कोहळी टेबलावर जाऊन बसली.

"म्हनजे बाई, याचे पैसे..."

"पैशाची काळजी नको. खजिनदार बसलेत ना तिथं."

कवडूला हे ऐकून बरंच वाटलं. एवढी व्यवस्थित पेढी त्यानं इतवारीतही पाहिली नव्हती. तेवढ्यात साळवेसर आले. त्यांनी आधी कोहळ्यांकडे बघितलं, मग कवडूकडे, आणि चष्मा काढून पुसला.

"मिस्टर कवडू, पंधरा वर्षं मी हा विषय शिकवतोय. माणूस स्वार्थी असतो, हे पहिल्याच धड्यात सांगतो. आज तुम्ही मला खोटं पाडलंत."

"सर, मी हे बाजारभावानं विकत घेऊन..."

"तेच म्हणतोय मी. स्वतःच्या खिशातून. आमच्या सणाला, आणि न मागता. वसतिगृहाचं छत गळतंय, पोरी पावसाळ्यात बादल्या लावून झोपतात. यातला पैसा न पैसा त्या छताला जाणार. इथं वस्तूची किंमत कोण बघतं? इंदुताईंनी ते पहिलं कोहळं घेतलं आणि परत देवाला दिलं. आतापर्यंत ते तीनदा विकलं गेलं."

कवडूला डोळ्यांपुढं गल्ला दिसला, गल्ल्यामागं तो स्वतः दिसला, आणि आजूबाजूला पळ्याच पळ्या.

"भैया, मेरी मजदूरी?" ओमप्रकाशनं मागून विचारलं.

कवडूनं खिसा चाचपला. खिशात काही नव्हतं. साळवेसरांनी ते पाहिलं, आणि या पोरानं ठेल्याच्या भाड्याचे पैसेही शिल्लक ठेवले नाहीत हे लक्षात येऊन त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. भाडं त्यांनीच दिलं.

लिलाव पुन्हा सुरू झाला आणि नेमके तेव्हाच बाबाराव आले. टोपी सारखी करत ते कडुनिंबाखाली कवडूच्या शेजारी उभे राहिले.

"हे कोहळे कोनाचे?"

"आपले," कवडू म्हणाला. खोटं म्हणावं तर तेही खोटं नव्हतं.

"एकवीस रुपये एक वार," साळवेसर म्हणाले. बाबारावांच्या भुवया टोपीत गेल्या. दुसरं कोहळं पंचवीसला गेलं, तिसरं एकतीसला. बाबाराव ओठांतल्या ओठांत हिशेब करत होते आणि प्रत्येक कोहळ्यागणिक त्यांचा चेहरा उजळत होता. शेवटी त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"कवड्या, मी तुले येडा समजत होतो गा."

असं काही बापाच्या तोंडून कवडूनं जन्मात ऐकलं नव्हतं. त्याला रडू यायला लागलं.

"बाबा, थोडं बोलाचं होतं."

"सौदा चालू असताना बोलू नाई. पैसे कोन जमा करून राहिलं?"

"खजिनदार."

"आपला मानूस हाये का?"

"तसा... सगळ्याइचाच हाये."

बाबारावांनी समाधानानं मान हलवली. इतक्यात पाद्रीसाहेब स्वतः पुढं आले. त्यांना साळवेसरांनी काही तरी कानात सांगितलं होतं. हात वर करून त्यांनी सगळ्यांना शांत केलं आणि म्हणाले, "इतवारीतले व्यापारी श्रीयुत बाबाराव आपल्यामध्ये आहेत. मुलाच्या हातून त्यांनी हा अख्खा ठेला वसतिगृहाच्या छतासाठी अर्पण केला. त्यांनी कृपा करून पुढं यावं."

सगळं आवार टाळ्या वाजवू लागलं.

बाबारावांनी कवडूकडे बघितलं. कवडूनं जमिनीकडे बघितलं. त्या एका क्षणात बापलेकाचं जे बोलणं झालं, त्याला शब्दांची गरज नव्हती आणि ते छापण्यासारखंही नव्हतं. पण टाळ्या थांबत नव्हत्या. तीस वर्षांत गिऱ्हाइकांनी बाबारावांना चोर म्हटलं होतं, कंजूष म्हटलं होतं. टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या. ते टेबलापर्यंत गेले आणि त्यांनी हात जोडले.

"पोरीबाळीचं काम हाये. घ्या तुमी," ते म्हणाले.

एक कोहळं उरलं होतं, सगळ्यात मोठं. साळवेसरांनी ते उचललं आणि इंदुताई ताबडतोब म्हणाल्या, "साठ."

ते ऐकून बाबाराव जागच्या जागी वळले. एवढा वेळ त्यांनी सगळं सोसलं होतं, हे मात्र सोसवेना.

"बाई, मायासंग आठ आण्यासाठी भांडता, अन् इथं साठ?"

"तिथं धंदा आहे, इथं देणं आहे," इंदुताई म्हणाल्या. "पासष्ट."

"सत्तर," बाबाराव म्हणाले.

"पंचाहत्तर."

"ऐंशी. अन् पळीचे आठ आने आता कधी कमी होनार नाई."

लोक हसू लागले. इंदुताईही हसल्या, पण मागं हटल्या नाहीत. शेवटी बाबारावांनी एकशे एक म्हटलं, बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या आणि मोजून खजिनदारांपुढं ठेवल्या. पुन्हा टाळ्या झाल्या. कोहळं परत देवाला देण्याची रीत आहे, असं साळवेसरांनी हळूच सुचवलं.

"नाई," बाबाराव म्हणाले. "हे मी घरी नेतो. एवढ्या भावाचं कोहळं कसं लागते, ते तरी पाहू."

सायकल आवारातच ठेवून दोघं रिक्षात बसले. कोहळं कवडूच्या मांडीवर होतं. बाबारावांचा चेहरा रागीट दिसत नव्हता. उलट मधूनच ते मिशीत हसत होते, बहुधा त्या टाळ्या आठवून. कवडूनं धीर केला.

"बाबा, उद्या दुकानात किती वाजता येऊ?"

"कोन्त्या दुकानात?"

"आपल्या. नफा नाई आनला ना मी."

"पाय तर ठेवून पाहाय तिथं," बाबाराव म्हणाले. "तू शीक. चांगला शीक. हे झाल्यावर आनखी वरची परीक्षा असन तर तीबी दे. फी मी भरतो."

कवडूला कानांवर विश्वास बसेना. "पन काहून बाबा?"

"तुले कॉलेजात ठेवलं तर सालाची फी जाते. गल्ल्यामागं बसवलं तर दुकान जाते. आता तूच सांग, तुया आलेखात काय निंघते?"

कवडूनं खरोखरच विचार केला. वर्षभर जे काही शिकला होता ते सगळं लावून त्यानं या निर्णयात चूक शोधली. ती काही सापडली नाही. मग त्यानं कोहळं या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.