मामांचा दात आणि थंड-गरम समिती

आमचे मामा फुटबॉलचे पंच. वरच्या समोरच्या दाताखाली शिट्टी धरायची आणि फुंकायची, हेच त्यांचं सगळं भांडवल. तोच दात ठणकू लागला, आणि रविवारी अंतिम सामना. सबब मामी त्यांना दंतरुग्णालयात घेऊन गेली. इथपर्यंत गैर असं काहीही घडलेलं नव्हतं, याची कृपया नोंद घ्यावी.

रूट कॅनल सुरू झालं. दाताची आतली नळी धुऊन-पुसून लख्ख झाली. आता ती भरली की काम संपलं. डॉक्टरांनी गटापर्चाची, म्हणजे त्या गुलाबी रबरासारख्या पदार्थाची, एक बारीक काडी चिमट्यात धरली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "थंडच भरणार का?"

दारात विभागप्रमुख बाई उभ्या होत्या. गरम पंथाच्या. माल तापवून मऊ करायचा आणि नळीत दाबायचा, म्हणजे कानाकोपरा भरतो, असं त्यांचं मत. डॉक्टर थंड पंथाचे. काडीला काडी खेटून बसवायची, तापवातापवी नाही. गंमत अशी, की गरमवाल्या बाई बोलायला बर्फ, आणि थंडवाले डॉक्टर दुसऱ्या वाक्याला लालबुंद.

"बाई, गरम माल मुळाच्या टोकातून बाहेर पळतो!"

"आणि तुमच्या काड्या एकमेकींशी भांडल्यासारख्या फटी ठेवून उभ्या राहतात."

"आं... आं..." मामा म्हणाले. त्यांचा जबडा उघडाच होता.

"पेशंटचंही हेच म्हणणं आहे," दोघंही एकदम म्हणाले.

मामी पुढे झाली. "अहो, थंड भरा नाहीतर गरम भरा, पण भरा एकदाचं. रविवारी ह्यांना शिट्टी वाजवायचीय."

"ताई, हे शास्त्र आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "इथं एकदाचं काही होत नसतं."

लगेच तौलनिक भरण समिती स्थापन झाली. तुलना निःपक्ष व्हायची तर दात तोच हवा, हे सर्वानुमते ठरलं. म्हणून आधी थंड भरलं, एक्स-रे काढला, उकरून काढलं. मग गरम भरलं, एक्स-रे काढला, तेही उकरून काढलं. बाईंना थंडच्या एक्स-रेमध्ये फटी दिसल्या, डॉक्टरांना गरमच्या एक्स-रेमध्ये सांडासांड दिसली. मागाहून कळलं, की एक्स-रेच्या पाकिटांची अदलाबदल झाली होती. यावरून समितीने निष्कर्ष काढला, की एक्स-रे विश्वासार्ह नाहीत.

खात्रीची चाचणी एकच उरली. भरलेला दात रंगात बुडवायचा आणि आत रंग झिरपतो का ते पाहायचं. त्यासाठी दात तोंडाबाहेर असणं सोयीचं.

मामा ताडकन उठून बसले. "अहो, मी पंच आहे! मैदानावर दोन्ही संघ अंगावर धावून येतात, तरी मी डोळ्याचं पातं लवायच्या आत निर्णय देतो."

"म्हणूनच तुम्हाला शिव्या बसतात," डॉक्टर म्हणाले. "हे बघा, निर्णय झाल्याशिवाय दात भरता येत नाही, आणि दात काढल्याशिवाय निर्णय होत नाही. आता आ करा बघू."

"आं..." मामा म्हणाले. संमती मिळाल्याची नोंद झाली.

दात निघाला. समेट म्हणून तो खाली थंड, वर गरम असा भरला आणि रंगात बुडवला. थेंबभर रंग आत गेला नाही! टाळ्या पडल्या. दात पूर्ण बरा झाल्याचं जाहीर झालं आणि तो विभागाच्या काचेच्या कपाटात विराजमान झाला.

"दात बरा झाला, छान झालं," मामी म्हणाली. "आणि ह्यांचं काय?"

"बाकीचा पेशंट आमच्या विभागात येत नाही," बाई म्हणाल्या.

रविवारी मामांनी शिट्टी फुंकली. फुस्स! सगळी हवा खिंडारातून गेली. खेळ कुणी थांबवेना. चेंडू फाटकाबाहेर गेला, त्यामागे दोन्ही संघ गेले, त्यामागे प्रेक्षक. ते कुठवर पोचले याची काही बातमी नाही. मामा मात्र मैदानाच्या मधोमध गाल फुगवून उभेच. दुसऱ्या दिवशी फुटबॉल मंडळाने नवा पंच नेमला.

ही हकिकत मी जिथे जिथे सांगितली, तिथे लोक हळहळले. बिचारे मामा, म्हणाले. मग जरा खाकरून, आवाज खाली आणून, प्रत्येकाने विचारलं, "ते सगळं ठीक, पण जिंकलं कोण? थंड की गरम?"

तुम्ही हसू नका. मघाच कुठल्या तरी बाजूला मान डोलावलीत, ती मी पाहिली. सांगायला आनंद वाटतो, की समिती पुन्हा बसते आहे. तिथे एक खुर्ची रिकामी आहे, आणि रंगाच्या बाटलीतही जागा आहे.

आ करा बघू.