न बघणारा साक्षीदार

खट्! न्हाणीघराची कडी वाजली आणि सकाळपासून घरात कोंडलेली शांतता मोडली.

"गेले का?" ताईने घाबरून विचारलं.

"आत गेले. बाहेर नाही," धाकटीने बहिणीला धीर दिला. म्हातारबांनी सकाळपासून दोनदा चपला घातल्या होत्या आणि दोनदा काढल्या होत्या. त्या मानाने न्हाणीघर म्हणजे जवळच होतं.

ताई बस चालवायची. तिची जोडीदारीण कुलपं-किल्ल्यांची कामं करायची, म्हणून धाकटीची लेक चिमणी तिला चावीमावशी म्हणे. दोघींचा संसार कित्येक वर्षांचा. पण उद्या ताईचं ऑपरेशन होतं आणि रुग्णालयाने बजावलं होतं, की सही घरच्या माणसाचीच लागेल, मैत्रिणीची चालणार नाही. धाकटीची चालली असती, पण ताईला सही चावीमावशीचीच हवी होती.

सुदैवाने अशा जोड्यांसाठी नुकताच कायदा झाला होता. संसदेत एका पक्षाला लग्न हवं होतं, दुसऱ्याला काहीच नको होतं. महिनाभर भांडून त्यांनी मधला मार्ग काढला. नोंदणी होईल, पण सरकारी सभागृहात नाही, घरच्या घरी. फुलं नकोत, बाजा नको. आणि दोन्हीकडचं एकेक रक्ताचं माणूस साक्षीला घरात हजर हवं. निम्म्या जोड्या इथेच गळतील, असा दुसऱ्या पक्षाचा अंदाज होता.

ताईकडून धाकटी होती. चावीमावशीकडून उरले होते फक्त वडील, म्हणजे म्हातारबा. निवृत्त पंच. मैदानावर दिलेला निर्णय उभ्या जन्मात न फिरवलेला माणूस. त्यांनी क्लबात चारचौघांसमोर ठणकावलं होतं, "असलं काही मी या डोळ्यांनी बघणार नाही!"

घंटा वाजली. नोंदणी अधिकारी बाई घाम पुसत आत आल्या. "आटपा लवकर, अजून बरीच घरं आहेत. साक्षीदार कुठायत?"

"कडी अडकलीय!" न्हाणीघरातून आवाज आला.

अधिकारी बाईंनी पिशवी पुन्हा खांद्याला लावली. "मग पुढची तारीख दोन महिन्यांनी."

"अहो, उद्या पोट फाडणारेत माझं!"

चावीमावशी नव्या कपड्यांनिशी दारापाशी गुडघे टेकून बसली. कडीकडे एकदा निरखून बघून तिने केसातली पिन काढली. "बाबा, जरा उचलून ओढा."

"ओढतोय! हलत नाही!"

दाराखालच्या फटीशी पालथी पडलेली चिमणी म्हणाली, "आजोबा ओढत नाहीयेत. स्टुलावर बसलेत."

"दमले असतील. ऊठ तिथून!" धाकटी करवादली. मग चावीमावशीवर घसरली. "जगाची कुलपं उघडतेस आणि घरची कडी उघडेना होय तुला?"

"गप गं. काम करू दे."

धाकटीने डोकं चालवलं. "बाई, नियमात 'घरात हजर' एवढंच आहे ना? मग याहून हजर कोण असणार? त्यांना तर हलायचीही सोय नाही!"

अधिकारी बाईंनी नियम दोनदा वाचला. 'समोर' असा शब्द खरंच कुठे नव्हता. त्या दाराशी वाकल्या. "आजोबा, ऐकू येतंय?"

"बहिरा नाहीये मी."

"या दोघी एकमेकींचं घरचं माणूस म्हणून नोंद करतायत. तुमची हरकत?"

आत नळ ठिबकत राहिला. ताईने धाकटीचा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

"नाही." आवाज घोगरा झाला होता. "आणि ताईला म्हणावं, उद्या पायमोजे ने. तिथे गारठा असतो."

कागद दाराखालून आत गेला, सही होऊन बाहेर आला. शिक्का पडला. ताई हसता हसता रडायला लागली आणि धाकटीच्या छातीवरचा धोंडा उतरला.

अधिकारी बाईंची पावलं जिन्यात विरली, आणि खट्! म्हातारबा बाहेर आले. भांग नीट पाडलेला, डोळे लाल.

"सुटली बुवा एकदाची. पण मी काही बघितलेलं नाही. निर्णय कायम आहे!"

"हो बाबा," चावीमावशी गंभीरपणे म्हणाली आणि तिने पिन पुन्हा केसात खोवली.

"उघडलीस कशी शेवटी?" धाकटीने हळूच विचारलं.

"मी कुठे उघडली? कालच नवी बसवलीय. लोण्यासारखी सरकते."

"मग एवढी खुडबुड कशाला?"

"एकट्याने किती खोटं बोलतील गं ते? जरा हातभार लावला."

चिमणीने आईचं बोट ओढलं. "आई, आजोबांना हो म्हणायचंच होतं, तर दार कशाला लावून घेतलं?"

धाकटीने ताईकडे बघितलं, ताईने चावीमावशीकडे, आणि चावीमावशीने कडीकडे.