ज्याचं त्याच्या डब्यात

माणिकराव कुणाच्याही घरात शिरले की आधी एक टाळी वाजवतात. नमस्कार नंतर. मान तिरकी करून आवाज भिंतींवरून कसा परत येतो ते ऐकतात आणि घरमालकाला निकाल सांगतात, "लई घुमून राहिलं. पडदे लावा." आमच्या लोहा गावात सगळ्यांना याची सवय झाली आहे. पलीकडच्या घरी माणूस गेला तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. उंबऱ्यातच त्यांनी हात उचलले. मी ते वेळेवर धरले.

ते माझे शेजारी. धंदा साउंडचा, लग्नांचा आणि सभांचा. धर्म एकच : "ज्याचं त्याच्या डब्यात." डबा म्हणजे स्पीकर. जाड आवाज खालच्या मोठ्या बेसमध्ये, बारीक आवाज वरच्या छोट्या डब्यात. ही वाटणी लो पास फिल्टर नावाचं एक बटण करतं.

"म्हणजे चाळणीच," मी म्हणालो.

"हाव, पण उलटी. जाड जाऊ देती, बारीक अडवती."

"आणि बोलणं गेलं बेसमध्ये तर काय बिघडतं?"

"सर, त्या डब्याचं तोंड मोठं. त्याला ढोल झेपतो, शब्द झेपत न्हाई. नुसती गडगड होती. अन् वरच्या डब्यातला चांगला शब्द बी त्यात बुडतो."

मोठं तोंड आणि न झेपणारे शब्द ही जोडी मी व्यासपीठांवर पुष्कळ पाहिली आहे. लगेच पटलं.

घरातही हाच कायदा. ताटात वरण भाजीला लागलं की ते जेवण थांबवतात. वहिनी म्हणतात, "जेवा गुमान. पोटात कोण फिल्टर लावून बसलंय?"

त्यांच्या एकुलत्या एका लेकीची, रेणूची सोयरीक लातूरला जमली, तेव्हा बोलणी करायला मीही गेलो होतो. व्याही भुजंगराव बाजार समितीचे माजी उपसभापती. त्यातला 'माजी' तेवढा हळू उच्चारायचे. त्यांच्या दिवाणखान्यात पाऊल टाकताच माणिकरावांनी टाळी वाजवली. भुजंगरावांना वाटलं, पाहुण्यांना बंगला आवडला. त्यांनीही वाजवली. मग त्यांच्या भावांनी वाजवली. सोयरीक तिथंच पक्की झाली, असं माझं मत आहे.

लग्न लोह्यात. मुलीचा बाप फेटा बांधून मिक्सरपाशी. अक्षतांआधी सत्कार सुरू झाले. आमच्याकडे मुहूर्त थांबतो, सत्कार थांबत नाहीत. शेवटी भुजंगराव बोलायला उभे राहिले, चार वाक्यं बोलले आणि थांबले.

"हे एवढाले डबे मांडलेत. माझा आवाज ह्यातून का येऊन नाही राहिला?"

"इवाईसाहेब, त्यात बोलणं जात न्हाई," माणिकराव मिक्सरपाशी उभे राहून म्हणाले.

"माझं का नाही?"

"कुणाचंच न्हाई."

"आम्ही मुलाकडचे आहोत," भुजंगराव म्हणाले, आणि माइक ठेवून खाली बसले.

या वाक्यावर अजून कुठलंही यंत्र निघालेलं नाही. मुलाकडची माणसं एकमेकांकडे बघू लागली. नवरदेवानं मोबाइल बाहेर काढला. रेणू मान खाली घालून उभी होती आणि वहिनी नवऱ्याकडे बघत होत्या.

माणिकराव वाकले. ते चाळणीचं बटण त्यांनी शेवटपर्यंत फिरवलं आणि व्याह्यांना हातानं खूण केली.

मग भुजंगराव पुन्हा उठून बोलले. माझ्या हातातला कप बशीत चालायला लागला. एक शब्द कुणाला कळला नाही. कळत नाही म्हणजे मोठंच काही असणार, अशा समजुतीनं लोकांनी टाळ्या वाजवल्या. भुजंगरावांचे डोळे भरून आले. खाली उतरून त्यांनी माणिकरावांना मिठी मारली. "असा साउंड लातुरात नाही."

माणिकराव फेटा नीट करत मला म्हणाले, "सर, तोंड धुऊन येतो."

रेणू सासरी गेल्यावर एकदा संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. फोनवर तिच्याशी बोलणं चाललं होतं. सगळं छान आहे, सासूबाई जीव लावतात, मामंजी भाषणाचं अजून सांगत असतात, असं ती म्हणाली. माणिकरावांनी विचारलं, "शेंगदाण्याची चटणी कशी करतेत तुमच्याकडं?" तिनं सविस्तर सांगितली. माणिकराव डोळे मिटून ऐकत होते.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "लसूण किती सांगितला?"

"कुणाला ठावं."

"मग विचारलं कशाला?"

"शब्द काय सर, पोरगी बापाला चांगलेच सांगणार. मी खालचा आवाज ऐकून राहिलतो. माणूस रडलेलं असलं की खालचा ऱ्हात न्हाई, नुसता बारीक उरतो."

"मग? आहे का खालचा?"

त्यांनी फोन उचलून पुन्हा खाली ठेवला.

"हाय वाटतं," ते म्हणाले. "उद्या लोणच्याचं विचारतो."