भाऊजी एन्टर दाबत नाहीत

देवासला माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, रोज सकाळी कॉम्प्युटर लावतात आणि वरच्या बाणाची कळ दाबत बसतात. टक, टक, टक. दुसऱ्या कुठल्याही कळीला हात लावत नाहीत. तासाभराने बंद करून उठतात.

भाऊजी पूर्वी एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळत. घरीसुद्धा काळी खिडकी उघडून आज्ञा टाइप करायच्या, ही त्यांची हौस. दिलेली प्रत्येक आज्ञा यंत्र नंबर घालून लिहून ठेवतं, चुकलेलीसुद्धा. 'हिस्ट्री' असं टाइप करून एन्टर दाबलं की सगळी यादी समोर येते. बाण दाबला की एकेक. हे त्यांनी मला निदान दहा वेळा शिकवलं असेल. घरात काही वाद झाला की तिकडच्या हिंदीत म्हणायचे, "रेकॉर्ड पे है, भिया." भिया म्हणजे भाऊ.

ताई बाहेर जाताना त्याच खिडकीत इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप टाकून जायची. पोळ्या झाकल्या आहेत. मोटर बंद करा. यंत्र म्हणायचं, अशी आज्ञा मला ठाऊक नाही.

"त्याला नसू दे," ताई म्हणायची. "ज्यांना आहे ते तरी कुठे ऐकतात?"

गेल्या वर्षी ताई गेली. तेव्हापासून भाऊजी साधा अर्जसुद्धा बाहेरच्या दुकानात टाइप करून घेतात. मला काही उमगेना. डोक्यावर परिणाम झाला असावा, असंही वाटून गेलं.

वर्षश्राद्धाला मी धारहून गेलो. भाऊजी आंघोळीला गेले होते, कॉम्प्युटर चालू होता. मी शिकवल्याप्रमाणे 'हिस्ट्री' टाइप केलं आणि एन्टर दाबलं. ताईचे निरोप एकाखाली एक आले. मी वाचत राहिलो.

मागे भाऊजी ओल्या पंच्याने उभे होते.

"एन्टर दाबलंत?"

"हो."

"यात पाचशेच ओळी राहतात, भिया. खाली एक आली की वरची एक जाते."

मी कीबोर्डवरून हात काढला. "आकडा वाढवता येत नाही?"

"येतो. पण त्यालाही आज्ञा द्यावी लागते. म्हणजे एक ओळ गेलीच."

"मग उतरवून ठेवायच्या."

"ठेवल्यात की. पण त्या माझ्या अक्षरात."

मी भीत भीत विचारलं, "कुठली गेली?"

यादी त्यांना पाठच होती; त्यांनी सुरुवात पाहिली. "'डब्यात लाडू आहेत. दोनच खा.' ती." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं. माझ्या मधुमेहाचं काढत बसायची. आता ते रेकॉर्डवर नाही." आणि दुसरी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "वाचा. बहीण तुमचीच."

गुरुजी येईपर्यंत आम्ही वाचत होतो.

दुपारी पानात लाडू होते. वाढणाऱ्याने तिसऱ्यासाठी फार आग्रह केला. भाऊजींनी पानावर आडवा हात धरला.