फुकट लेमन बार आणि थियाची तोंडी परीक्षा

लेमन बारचा, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांचा, भरलेला ट्रे. एकही तुकडा गेलेला नाही.

मिनियापोलिसमधली नोकरी, सोमवारपासून.

रिकाम्या खुर्च्यांसमोर चालू राहिलेला प्रोजेक्टर.

दाराखालून सरकून आलेली पिवळी चिठ्ठी : 'ओळखलं. शाबास.'

हे सगळं थिया लिंडग्रेनचं. माहिती सुरक्षेच्या एम.एस.साठी तिचा शेवटचा प्रकल्प असा होता, की विभागातल्या लोकांना रीतसर परवानगी घेऊन खोटे मेल पाठवायचे आणि कोण फसतं ते बघायचं. 'फुकट डोनट, लवकर या, इथे दाबा' या मेलला अख्खा विभाग फसला. तिचे मार्गदर्शक डॉ. स्टेनरूड तर दोनदा. मग थियाने सगळ्यांना बसवून शिकवलं : फुकट खाणं आणि घाई एकत्र दिसली, की समजायचं, गळ टाकलाय.

आज तिची तोंडी परीक्षा होती. परीक्षकांसाठी काहीतरी करून आणायची तिथली रीत. म्हणून तिने लेमन बार केले आणि आमंत्रणात तसं लिहिलंही. संध्याकाळी पाचच्या आत सह्या झाल्या नाहीत, तर पदवी नाही. पदवी नाही, तर सोमवारही नाही.

कोणीच आलं नाही.

ट्रे घेऊन तिने डॉ. स्टेनरूड यांचं दार वाजवलं, तेव्हा आतून ती चिठ्ठी आली.

"सर, दार उघडा ना. माझी परीक्षा आहे."

दार बोटभर उघडलं. "अगं, ओळखलं म्हटलं ना. पण तू स्वतः येशील असं नव्हतं वाटलं. कमाल आहे पोरी तुझी."

"सर, हे खरं आहे."

"हो, हो."

"चला हो लवकर. पाचला सगळं बंद होतं."

"ही झाली घाई," सर म्हणाले. मग त्यांनी ट्रेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आणि हे फुकट खाणं." दार लागलं.

दुसऱ्या परीक्षक डॉ. कोवाल्स्की यांनी तर आमंत्रण छापून फलकावर लावलं होतं, विद्यार्थ्यांना नमुना म्हणून. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवून ते खोटं कसं, हे थियालाच समजावलं. थियाला क्षणभर पटलंही.

मग ती ऑफिसातल्या पेगकडे गेली. पेग म्हणाली, मी कळवते, पण कसं? मेल उघडणार नाहीत, फोन ठेवून देतील. शेवटी तिने आवाज खाली आणला. "मला एकटीला सांग. खरंच परीक्षा आहे?"

थिया हो म्हणाली. तो हो तिलाच खोटा वाटला.

ती खोलीत परतली, तर दोन्ही परीक्षक दाराबाहेर उभे. कोण कोण फसलं, ते बघायला आले होते. उंबरा ओलांडायला तयार नव्हते. थियाने मग तिथूनच सुरुवात केली. ते बाहेरून खोचक प्रश्न विचारत राहिले, ती उत्तरं देत राहिली. शेवटी स्टेनरूड म्हणाले, "आता या विभागाला कोणी फसवू शकत नाही. आणखी काय सिद्ध करायचंय तुला? पास."

सहीसाठी आलेली लिंक मात्र दोघांनीही दाबली नाही. पेगने कागद छापून आणला, त्यावर पेनाने सह्या झाल्या. पाच वाजायला अजून थोडा वेळ होता.

आमंत्रण पाठवताना थिया खोट्या मेलच्या खात्यातून बाहेर पडायला विसरली होती.