भानुतात्या टेलर आणि फाट्यावरची राणी

भानुतात्या टेलर गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेताना ऑपेराची गोष्ट सांगतात. टेप गुंडाळलेला असतो, त्यामुळं गिऱ्हाइकाला पळता येत नाही.

"काल एक राजा बघितला," ते म्हणतात. "दवाखान्यात होता. मुकुट न्हाय, काय न्हाय. हाताला सलाईन. दरबारी मंडळी समदी वॉर्डबॉय. तशातच अर्धा तास गायला."

"मग?"

"मग मेला. हात वर करा."

शिक्षिका म्हणून लोहाऱ्याला बदली होईपर्यंत ऑपेरा हा शब्द मला फक्त शब्दकोड्यात भेटला होता. तो समजावला तात्यांनी, माझ्या ब्लाउजची बाही उसवता उसवता. "परदेशातलं संगीत नाटक, बाई. फरक एवढाच, तिकडं चहा मागायचा असला तरी गाऊनच मागतेत." त्यातही त्यांना नाद होता तो नव्या मांडणीचा. गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची, गाणी तीच, पण दिग्दर्शक सगळं उचलून भलतीकडंच नेऊन ठेवतो. महालाच्या जागी विमानतळ, सरदाराच्या जागी हॉटेलचा मॅनेजर. एक राजकन्या तर त्यांनी टीव्हीवर कपडे धुण्याच्या मशिनींमध्ये गाताना पाहिली होती.

"आधी लई राग आला. म्हटलं, ह्यांच्या गावात शिंपी न्हाय का? मग ध्यानात आलं. जरीचं कापड काढलं की आतला माणूस दिसतो." आणि मग ते ठरलेलं वाक्य: "गोष्ट जुनीच असती. मांडली कुठं ते बघायचं."

हे वाक्य ते भावकीच्या भांडणाला लावत, निवडणुकीला लावत, लग्नातल्या रुसव्याला लावत. हा नाद लागला कसा, असं विचारलं तर "लागला" एवढंच म्हणून मशीन चालू करत.

मी त्यांना एक गमतीचं माणूस समजत होते. संमेलनापर्यंत.

आमच्या शाळेच्या संमेलनात सातवीच्या मुलींचं नाटक माझ्याकडं होतं. राजा कुणाच्या तरी चहाडीवरून राणीला जंगलात सोडतो, पुढं खरं कळतं आणि तो तिला शोधत जातो, अशी साधी गोष्ट मीच लिहिली होती. पोशाख बाहेरगावच्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं यायचे होते. आदल्या दिवशी सकाळी ट्रंक आली. उघडली तर आत कोळीनृत्याचे पोशाख. आमचा राजा दुसऱ्याच कुठल्या शाळेत जाऊन पडला होता. राणी झालेली शीतल ट्रंकेवर बसून रडू लागली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, नाटक राहू द्या. दोन डान्स वाढवा."

मुली दोन महिने मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून तालमी करत होत्या. मी तडक तात्यांचं दुकान गाठलं.

"तात्या, उद्या दुपारपर्यंत राजाचे कपडे शिवून होतील का?"

"न्हाय," ते म्हणाले. "राजा बिनकपड्याचा करू."

मी दोन पावलं मागं सरकले.

"म्हंजे, राजाच्या कपड्याबिगर," ते घाईनं म्हणाले आणि उठून त्यांनी दुकानाचं शटर ओढलं.

शाळेत आल्यावर त्यांनी मुलींना व्हरांड्यात बसवलं आणि विचारलं, "घरातनं काढून दिलेली बाई आपल्याकडं कुठं उभी असती?"

शीतलच हळूच म्हणाली, "फाट्यावर."

"झालं तुमचं जंगल."

राजाला त्यांनी वडाप जीपचा, म्हणजे फाट्यावरून सीटं भरून नेणाऱ्या गाडीचा, मालक केलं. सहा खुर्च्यांची जीप, परातीचं स्टिअरिंग, मुकुटाच्या जागी खांद्यावर टॉवेल. माझं वाक्य मात्र एकही बदलू दिलं नाही. म्हणाले, "लिहिलेल्याला हात लावायचा न्हाय. तिकडंबी लावत न्हायत."

त्यामुळं दुसऱ्या दिवशी जीपवाल्या राजानं भरल्या गाडीतनं "हे राणी, आमच्या राज्यात तुला स्थान नाही" म्हणत शीतलला उतरवलं, तेव्हा मांडव हसून हसून लोळला. जीप गेली. शीतल पिशवी घेऊन उभी राहिली. तात्यांनी तिला बजावलं होतं, "काय करू नको. रस्त्याकडं बघत उभी ऱ्हा." ती उभी राहिली. हसणं कमी होत होत थांबलं. बायकांच्या बाजूला तर खोकल्याचाही आवाज येईना. मग राजा रिकामी जीप घेऊन परत आला, खाली उतरला, आणि काही बोलायच्या आधी त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं तिच्यासाठी सीट पुसली. हे मी लिहिलं नव्हतं, तात्यांनीही सांगितलं नव्हतं. राजा झालेल्या मुलीला ते आपोआप सुचलं.

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला आणि पुढच्या वर्षी ट्रंक मागवूच नका म्हणाले.

तात्या मात्र कुठं दिसेनात. पडदा उघडायच्या आतच ते घरी गेल्याचं कळलं.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको, सोजरमावशी, तीन वर्षांपासून लकव्यानं अंथरुणावर आहे आणि तिची वाचा गेली आहे, हे गावाला माहीत होतं, मलाही. पण मी कधी आत गेले नव्हते. मावशी उशांना टेकून बसली होती. समोर टीव्हीवर एक बाई स्वयंपाकघरात उभी राहून मोठमोठ्यानं गात होती.

"हिच्या औषधाची वेळ होती, म्हणून थांबलो न्हाय," तात्या म्हणाले. "पण काल घरी आल्यावर हिला समदं करून दाखवलं. परातीसकट."

मावशीच्या चेहऱ्याची एकच बाजू हसली.

"ही लई बोलायची, बाई. दुकानात काज करायला बसायची, तर मला मशीनचा आवाज यायचा न्हाय." त्यांनी तिची उशी सारखी केली. "दुखण्यानंतर टीव्हीवर मराठी काय लागलं की हिला बोलावं वाटायचं. शब्द यायचा न्हाय. मग भिताडाकडं तोंड करून पडायची. एक दिवस चुकून हे लागलं. मला एक अक्षर कळंना. हिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, अन् हसली. तवापासून हेच लावतो. गोष्ट तेवढी मोबाइलवर वाचून घेतो, शब्द अजून कळत न्हायत. ह्यात आमी दोघं सारखेच."

आभाराची चार चांगली वाक्यं मी वाटेत जुळवून आले होते. मावशीनं डाव्या हातानं अंथरुणावर आपल्या शेजारी थोपटलं. मी बसले. गाणं बरंच लांबलं. ते संपेपर्यंत तिचा हात माझ्या हातावर होता, आणि मी जुळवून आणलेलं एकही वाक्य बोलले नाही.